साहेबरावांची वाढलेली पेशी

आधीच सांगून ठेवते, मला मधात बोललेलं चालत न्हाई. परतूरच्या एकाच दवाखान्यात सिस्टर म्हणून मी तीस वर्षं काढली. पेशंट ओरडला की मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडायचे, अन् त्या धाकानंच कित्येक जण चार दिवस आधी बरे होऊन घरी गेले. माझं नाव बेबीनंदा. पण ही गोष्ट माझी न्हाई, आमच्या लॅबवाल्या साहेबरावांची आहे. माझा भाग एवढाच, की घोळ मी घातला अन् निस्तरला त्यांनी.

नाव साहेबराव, पण साहेबाचं लक्षण अंगात एक न्हाई. उंची सव्वापाच फूट, शर्ट थोरल्या भावाच्या मापाचा, चष्म्याची एक काडी गेलेली अन् तिथं दोरा बांधलेला. दवाखान्यात कोणी "साहेब" म्हणून हाक मारली की डॉक्टर वळायचे अन् हे बी वळायचे. मंग लगेच "मला न्हाई, मला न्हाई" म्हणत परत मायक्रोस्कोपात डोकं घालायचे.

गाव त्यांचं कुंभार पिंपळगाव. औरंगाबादला जाऊन लॅबचा कोर्स करून आल्ते. मुलगी बघायला गेले तेव्हा सासऱ्यानं विचारलं, "मुलगा करतो काय?" मध्यस्थ म्हणाला, "लोकांचं रक्त अन् लघवी तपासतो." सासऱ्यानं पानाला चुना लावला अन् म्हणाला, "ते ठीक आहे, पण काम काय करतो?" मुलीनं, म्हणजे पुष्पाबाईंनी, तरी हो म्हणलं, म्हणून लग्न झालं. नसता माणूस जन्मभर मायक्रोस्कोपासंगच नांदला असता.

लॅब म्हणजे जिन्याखालची खोली. त्यात एक मायक्रोस्कोप, हातानं फिरवायचं एक यंत्र, चार बाटल्या अन् एका डब्यात चिंचोके. चिंचोके कशाला, तर पेशी मोजायला. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, त्याला निळाजांभळा रंग चढवायचा अन् मंग शंभर पांढऱ्या पेशी बघायच्या, कोणत्या तऱ्हेच्या किती. दुसरीकडं त्यासाठी खटखट वाजणारं यंत्र असतं. आमच्याकडं साहेबराव एका डोळ्यानं बघायचे अन् हातानं चिंचोके या वाटीतून त्या वाटीत टाकायचे. कोणी मधात "भाऊ, चहा" म्हणलं की आकडा चुकायचा अन् बिचारे पुन्हा एकपासून सुरू करायचे. शिवी म्हणून एक शब्द न्हाई. मी असते तर वाटी फेकून मारली असती.

त्या पेशींची इंग्रजी नावं मला बी यायची, पण साहेबरावांनी त्यांना आपली नावं ठेवली होती. एक तऱ्हा हवालदार अन् दुसरी मास्तर.

"बघा सिस्टर," ते म्हणायचे, "अंगात काही गडबड झाली की हे हवालदार काठी घेऊन पळत सुटतात. चोराला बी हाणतात अन् मधात सापडला तर गरिबाला बी हाणतात. अन् हे मास्तर. गोल, शांत, डोकं मोठं. कोण आपलं, कोण परकं हे ध्यानात ठेवून समजुतीनं घेणारे. दोघं बराबर असले तर गाव चालतं. ऑपरेशन झाल्यावर हवालदारच हवालदार झाले अन् मास्तर दिसेनासे झाले, की समजायचं, आता काठी कोणाच्या तरी पाठीत बसणार. अन् लई वेळा ती किडनीच्याच पाठीत बसते."

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. चांगुणाबाईनं शिकवलं.

चांगुणाबाई म्हणजे परतूरच्या बाजारात बसणारी कासारीण. त्र्याऐंशी साली तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी साहेबरावांनी तिचं रक्त बघितलं, हवालदार नव्वद अन् मास्तर चार. त्यांना काही तरी खटकलं. पण बाई खाटेवर बसून नर्सांच्या हाताचं माप घेत होती, "तुमच्या हाताला सव्वादोनची बांगडी" असं सांगून राह्यली होती. साहेबरावांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला अन् गप बसले. लॅबवाल्यानं कागद द्यायचा, तोंड न्हाई द्यायचं, असाच तेव्हा कायदा होता. चौथ्या दिवशी बाईची लघवी बंद झाली, अंग सुजलं, औरंगाबादला नेली अन् ती परत आली न्हाई. "मला दिसलं होतं, सिस्टर," असं ते मला अकरा वर्षांत किती वेळा म्हणाले असतील. "दिसलं होतं अन् मी बोललो न्हाई."

त्या दिवसापासून त्यांनी एक वही केली. नाव, गाव, हवालदार किती, मास्तर किती, अन् शेवटच्या रकान्यात 'पुढं काय झालं'. बहुतेक ओळींत 'बरा होऊन गेला' असायचं. पण ज्यांचे मास्तर ऑपरेशननंतर पाचाच्या खाली गेले, अशा अकरा ओळी होत्या, त्यांच्याखाली लाल रेघ. त्यात नऊ जणांपुढं 'लघवी बंद' लिहिलेलं. कोणापुढं 'औरंगाबादला नेलं', कोणापुढं नुसतं 'गेले'. उरलेल्या दोघांपुढं लिहिलं होतं, 'माझं चुकलं. बरा झाला. आनंद.' स्वतःची चूक लिहून खाली आनंद लिहिणारा माणूस मी दुसरा बघितला न्हाई.

ही वही डॉक्टरांना दाखवायची त्यांची छाती होत न्हवती. आमच्या डॉक्टरांचं नाव धर्मराज. हाताला यश होतं, पण नाकावर राग. शिवाय नावाची पंचाईत. खेड्यातला माणूस विचारायचा, "आपरेशन कोण करणार हाय?" आम्ही सांगायचो, "धर्मराज." तो धोतर सावरत निम्म्या जिन्यावरून परत फिरायचा. यमाच्याच नावाचा माणूस पोट फाडणार म्हणल्यावर कोण थांबेल?

म्हस्कू थांबला, कारण त्याला पळायची ताकदच न्हवती. चौऱ्याण्णव सालची गोष्ट, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. आष्टीकडचा माणूस, पन्नाशी ओलांडलेला, शंभर मेंढरं अन् थोडी जमीन. पोटातलं अपेंडिक्स फुटलं तरी हा तीन दिवस मेंढरांमागं फिरत राह्यला. सोमवारी बायको बायनाबाई त्याला जीपमधी घालून घेऊन आली. बायनाबाईकडं दोन म्हशी, दूध डेअरीला घालायची. लुगडं घोट्याच्या वर, आवाज शिवारभर जाईल असा. डॉक्टरांनी त्याच दिवशी ऑपरेशन केलं.

शुद्धीवर आल्या आल्या म्हस्कूनं पयला प्रश्न विचारला, "आज वार कोणता?"

मी म्हणलं, "सोमवार. काहून, उठून लग्नाला जायचंय का?"

"गुरुवारी माझी पेशी हाय."

आता हे ध्यानात घ्या. आमच्याकडं पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, अन् ती पुढं गेली की 'पेशी वाढली' म्हणायचं. बांधावरच्या एका बाभळीवरून म्हस्कूचा अन् त्याच्या चुलतभावाचा, राधाकिसनचा, एक्याऐंशी सालापासून दावा चालू होता. तेरा वर्षांत दोघांनी एक पेशी चुकवली न्हवती. बाभूळ वाळून पडली, सरपण बी जळून गेलं, पण दावा हिरवागार होता.

मंगळवारी सकाळी साहेबराव चष्म्याचा दोरा ओढत वार्डात आले. तोंड उतरलेलं. खाटेपाशी बायनाबाई बसली होती. ते हळूच म्हणाले, "मावशी, पेशी वाढल्यात."

बायनाबाईनं दोन्ही हात जोडले. "वाढली? बाप्पा रे! देव पावला! आवं, ऐकलं का, पेशी वाढली!"

म्हस्कूनं डोळे उघडले. "कितीनं वाढली?"

"लई वाढल्यात," साहेबराव म्हणाले, "ब्याण्णव झाल्यात."

"ब्याण्णव दिवस!" म्हस्कू खुश झाला. "म्हणजे पार शिमग्यापोत!"

बायनाबाईनं पिशवीतून गुळाचा खडा काढला अन् साऱ्या वार्डात वाटत सुटली. शेजारच्या हर्नियावाल्याला दिला, झाडूवालीला दिला, एक खडा साहेबरावांच्या बी तोंडात कोंबला. साहेबराव तोंडात गूळ अन् डोळ्यात भीती घेऊन माझ्याकडं बघून राह्यले. मला त्या क्षणी एवढं हसू आलं की मला भिंतीला टेकावं लागलं.

मंग त्यांनी चिंचोके आणले. खाटेवर एकीकडं ब्याण्णव चिंचोक्यांचा ढीग केला अन् दुसरीकडं चार ठेवले. "मावशी, ही कोर्टाची पेशी न्हाई. ही रक्तातली पेशी. हे हवालदार, अन् हे मास्तर. मास्तर चारच राह्यलेत. त्यामुळं मूत्रपिंडाला धोका आहे."

"पिंडाचं नाव काढू नका!" बायनाबाई कडाडली. "जित्या माणसाच्या उशाशी बसून पिंडाची भाषा करता? थुंका आधी!"

साहेबराव खिडकीतून थुंकून आले. ते असेच होते, कोणी काही सांगितलं की आधी करायचे अन् मंग बोलायचे. मी म्हणलं, "बायनाबाई, मूत्रपिंड म्हणजे किडनी. लघवी तयार करायची जागा. ती बंद पडली की माणूस जातो, समजलं?" तेव्हा कुठं तिच्या हातातला गूळ खाली गेला. अन् म्हस्कूच्या ध्यानात आलं की गुरुवारची पेशी जागच्या जागी आहे. त्याला किडनीचं काही वाटलं न्हाई, पेशीचंच वाटलं.

त्या दिवशी साहेबरावांनी अकरा वर्षांत न केलेली गोष्ट केली. वही काखेत मारून डॉक्टरांच्या खोलीत गेले. मी दाराशी उभी राह्यले, उगं आपलं पडदा सारखा करत.

डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स फुटलं होतं साहेबराव, पांढऱ्या पेशी वाढणारच. न्हाई तर काय मी फुटाणे खायला पोट उघडलं?"

"साहेब, हवालदार वाढतातच. पण ऑपरेशनआधी मास्तर चौदा होते, आज चार. ते जे जंतू मारायचं जेंटाचं इंजेक्शन अन् दुखण्याचं इंजेक्शन चालू आहे, ते दोन्ही किडनीला जड. ते बदलता आलं तर..."

"क्रिएटिनिन किती?"

"एक पॉइंट एक."

"म्हणजे किडनी बराबर आहे!"

"साहेब," साहेबरावांचा आवाज एवढासा झाला होता, "क्रिएटिनिन दोन दिवसांनी बोलतं. पेशी आज बोलून राह्यल्या."

डॉक्टरांनी वही उलटीपालटी केली. "हे कोणत्या पुस्तकात छापलंय?"

"छापलेलं न्हाई साहेब. वहीच आहे."

"वा! आता चिंचोक्यांवरून मी औषधं बदलतो!" डॉक्टर हसले. पण माणूस वाईट न्हाई. म्हणाले, "बरं, तुमच्या समाधानासाठी उद्या सकाळपर्यंत लघवी मोजा. दीड लिटर भरली तर तुमची वही बंबात घालायची. अन् त्या म्हस्कूला सांगा, लघवी नीट झाली तर गुरुवारी तासभर कोर्टात जाऊ देतो, जीपनं."

आता घोळ इथं झाला. मोजायचं काम माझ्याकडं आलं. तेव्हा लघवी मोजायला दोन लिटरच्या काचेच्या बाटल्या असायच्या, त्यावर आकडे. एक मोठी रिकामी बाटली मी खाटेखाली ठेवली अन् बायनाबाईला सांगितलं, भांड्यातली लघवी दर वेळी यात ओतायची. संध्याकाळी जाऊन बघते तर तळाला चहाच्या कपाएवढी, रंगानं काढ्यासारखी. माझं डोकं अगोदरच फिरलं होतं, त्या दिवशी दोन नर्सा सुट्टीवर होत्या.

"एवढंसंच?" मी ओरडले. "दिवसभरात एवढंसंच? ते काही न्हाई. सकाळपोत ही बाटली इथपोत भरलेली पायजे, समजलं? नसता कोर्ट-बिर्ट विसरा!" अन् दीड लिटरच्या खुणेवर मी नख आपटून दाखवलं.

आता सांगा, त्या बाईनं काय करावं? सिस्टरनं सांगितलं भरलेली पायजे, तिनं भरली. बुधवारी सकाळी बाटली बराबर दीड लिटरच्या खुणेवर. एक थेंब कमी न्हाई, एक थेंब जास्त न्हाई. मला तिथंच संशय यायला पायजे होता. देवानं सुद्धा कोणाची लघवी अशी खुणेवर बेतलेली न्हाई. पण मी उलट तिची पाठ थोपटली.

डॉक्टरांनी बाटली बघितली अन् लॅबच्या दारातूनच ओरडले, "साहेबराव! बंब पेटवा!" इंजेक्शनं चालूच राह्यली.

साहेबराव खरंच खुश झाले. वही उघडून लिहायला लागले, 'माझं चुकलं. बरा झाला.' 'आनंद' लिहायचा तेवढा राह्यला अन् त्यांचा हात थांबला. मला म्हणाले, "सिस्टर, ती बाटली एकदा लॅबमधी पाठवा. लघवी बघितल्याशिवाय आनंद कसा लिहू?"

बाटली घेऊन बायनाबाई स्वतःच आली. मी तिच्या मागं. साहेबरावांनी लघवी एका उंच काचेच्या नळकांड्यात ओतली अन् ड्रॉवरमधून काचेची कांडी काढली. खाली फुगा, वर बारीक मान, मानेवर आकडे. लघवी घट्ट आहे की पातळ, हे बघायची ती कांडी असते. दाट असली की वर तरंगते, पाणचट असली की खाली बुडते.

त्यांनी कांडी सोडली मात्र, बायनाबाईनं छातीवर हात मारून घेतला.

"म्या न्हाई घातलं पाणी!"

साहेबरावांनी वर बघितलं. मी वर बघितलं. पाण्याचं नाव कोणी काढलं न्हवतं.

"दावलमलिकाची शपथ! भाकरीची शपथ! म्या थेंबभर बी न्हाई घातलं!"

कांडी डुबुक करून पार गळ्यापोत बुडाली.

मंग माझ्या डोक्यात उजेड पडला. असलीच कांडी डेअरीवाला रोज सकाळी तिच्या दुधात बुडवायचा! ही बया डेअरीला घाबरायची सवयच घेऊन आली होती. साहेबरावांनी मऊ आवाजात विचारलं, "मावशी, किती पाणी घातलं?"

"जास्त न्हाई," ती रडायला लागली. "डेअरीला घालते त्याच्याहून थोडं जास्त. ही बाई म्हणली भरलेलीच पायजे. अन् मालकाला पेशीला जायचं हाय."

"अन् खरी किती झाली?"

तिनं बोटानं चहाच्या कपाएवढं माप दाखवलं. "तेवढीच. काल सांजच्याला बाईंनी बघितली तेवढीच. रात्रीपासनं एक थेंब न्हाई."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तीस वर्षं लोकांवर ओरडले, पण त्या दिवशी मला स्वतःवर ओरडायला आवाज फुटेना. साहेबरावांनी मला एक शब्द ऐकवला न्हाई. चष्मा काढला, पुसला, परत घातला अन् डॉक्टरांकडं पळाले. पळताना चिंचोक्यांचा डबा पडला अन् सारे हवालदार, मास्तर जिन्याखाली उधळले.

डॉक्टरांनी नळी घालून बघितली. आतली लघवीची पिशवी कोरडी, चमचा-दोन चमचे निघाले. नवीन क्रिएटिनिन दोन पॉइंट चार, म्हणजे दुपटीच्या वर. डॉक्टरांनी केसपेपर ओढून दोन औषधांवर काट मारली. मंग म्हणाले, "जेंटा बंद. ते दुखण्याचं बंद. सलाईन वाढवा. शुक्रवारी दुपारपर्यंत लघवी सुरू झाली न्हाई तर औरंगाबाद." अन् जाता जाता साहेबरावांच्या खांद्यावर हात ठेवला, "वही बंबात घालू नका."

नळी तशीच ठेवायची होती, पण म्हस्कूनं ती दोनदा उपटून फेकली. म्हणाला, "तिसऱ्यांदा घालाल तर मी मेंढरांकडं चाललो." डॉक्टरांनी नाद सोडला.

आता त्याला तोंडाला सूज यायला लागली होती. तरी तोंडात एकच, "बायने, पेशी चुकली तर दावा एकतर्फी जाईल. राध्या हसंल मला." गुरुवारी सकाळी साहेबराव नोकरीत पयल्यांदा अर्धी सुट्टी टाकून स्वतः कोर्टात गेले. हातात स्वतःच्या अक्षरातला दाखला, 'म्हस्कू यांच्या पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत, सबब हजर राहू शकत नाहीत.'

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. कोर्टाच्या बाबूनं कागद मोठ्यानं वाचला अन् उभाच राह्यला. "पेशी वाढल्या आहेत? कोणी वाढवल्या? पेशी वाढवायचा अधिकार कोर्टाला आहे, तुम्ही कोण?" साहेबराव रक्त, हवालदार, मास्तर, चिंचोके असं सारं सांगायला लागले. कोर्टात हवालदारांना काठी घेऊन पळणारे म्हणल्यावर दारातला हवालदार भांडायला आला. न्यायाधीशांनी टेबल ठोकलं.

तेवढ्यात मागून राधाकिसन उठला. पांढरा फेटा, हातात काठी, तेरा वर्षांचा वैरी. म्हणाला, "काय झालं म्हस्क्याला?"

साहेबराव म्हणाले, "लघवी बंद आहे. उद्या दुपारपोत झाली न्हाई तर औरंगाबाद. त्याच्या पुढं काही सांगता येत न्हाई."

राधाकिसन वकिलाकडं वळला. "वकीलसाहेब, पेशी वाढवून मागा. तो मेल्यावर मी भांडू कोणासंग?"

पेशी वाढली. साहेबराव धापा टाकत वार्डात आले अन् म्हणाले, "मावशी, पेशी वाढली!"

बायनाबाई दचकून म्हणाली, "कोणती?"

शुक्रवारी सकाळी दहा वाजता जीप दाराशी लागली होती. म्हस्कू उशीला टेकून बसला होता, बायनाबाई त्याच्या पायाशी. तिनं दोन दिवसांत पाणी सुद्धा घेतलं न्हवतं. म्हणायची, पाणी बघितलं की पापच दिसतं. डॉक्टरांनी त्याच्या बेंबीखाली बोटं ठेवली अन् दुसऱ्या हातानं टकटक केलं. पुन्हा केलं. त्यांचा चेहरा बदलला.

"अरे, पिशवी भरलीय! किडनी चालू झालीय याची! म्हस्कू, कर लघवी!"

मी भांडं दिलं. खाटेभोवती डॉक्टर, मी, साहेबराव, बायनाबाई, हर्नियावाला, झाडूवाली, अन् दारात राधाकिसन, तो कधी आल्ता कोणाला कळलं न्हाई. सारे भांड्याकडं बघून राह्यले.

म्हस्कूनं डोळे मिटले. उघडले. "येईना," तो म्हणाला. "आपलीच मोरी अन् मुतायची चोरी! तुम्ही समदे असं तोंडाकडं बघून राह्यल्यावर कसं येईल?"

"नळी आणा," डॉक्टर म्हणाले.

"नळी न्हाई!"

मंग राधाकिसन पुढं आला. काठी भिंतीला टेकवली, खाटेपाशी उभा राह्यला, ओठांचा चंबू केला अन् हलक्या आवाजात शीळ घालायला लागला. आऊत सुटल्यावर बैलांनी लघवी करावी म्हणून बांधावर उभं राहून शेतकरी घालतो ना, लांबलचक, एका सुरातली, तीच. दोघांनी पोरवयात एकाच जोडीमागं घातलेली असंल. म्हस्कूनं रागानं त्याच्याकडं बघितलं. "राध्या, मी काय बैल हाय?"

राधाकिसन शीळ थांबवायला तयार न्हाई. नुसती मान हलवली, हाय म्हणून.

अन् भांड्यात आवाज सुरू झाला.

आवाज थांबेचना. हर्नियावाला टाळ्या वाजवायला लागला. मला रडू आलं, सांगायला लाज कसली, ढसाढसा रडले. डॉक्टर खिडकीकडं तोंड करून उभे राह्यले. फक्त राधाकिसन शेवटच्या थेंबापोत शीळ घालत राह्यला, अर्धी सोडली तर बैल बिघडतो म्हणे.

बायनाबाईनं ते भांडं कोणाला हात लावू दिलं न्हाई. दोन्ही हातांत धरून, पदर सावरत, एक थेंब हिंदकळू न देता ती जिन्याखाली लॅबमधी गेली अन् साहेबरावांच्या टेबलावर ठेवलं.

"बुडवा तुमची कांडी," ती म्हणाली. "नवऱ्याची शपथ, एक थेंब पाणी न्हाई."

साहेबरावांनी कांडी सोडली. आकडा वाचायला वाकले अन् वाकलेलेच राह्यले. दोरा बांधलेला चष्मा पार ओला झाला होता. म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच वाचा. मला दिसून न्हाई राह्यलं."

मी वाचला. कांडी छान वर तरंगून राह्यली होती.

दावा मिटला का म्हणून विचाराल, तर छे! तो पुढं सहा वर्षं चालला. दोघं एकाच जीपनं पेशीला यायचे अन् कोर्टात एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे. येताना दवाखान्यात डोकवायचे अन् साहेबरावांना विचारायचे, "काय भाऊ, मास्तर कितीक हायेत?" डॉक्टर धर्मराज बी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आधी तेच विचारायचे. दोन हजार तीन साली साहेबराव रिटायर झाले. सत्कारात सगळ्यांनी बोलायचा आग्रह केला, तर "मला न्हाई, मला न्हाई" म्हणत खुर्चीखाली चिंचोके शोधायला लागले.

जाताना ती वही मला देऊन गेले. अजून माझ्या कपाटात आहे. बारावी लाल रेघ म्हस्कूची. हवालदार ब्याण्णव, मास्तर चार. पुढं 'माझं चुकलं' लिहून खोडलेलं आहे, अन् शेवटच्या रकान्यात, जिथं वरती अकरा वर्षं 'लघवी बंद', 'औरंगाबाद', 'गेले' असंच जास्त येत राह्यलं, तिथं त्यांनी आपल्या बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलाय.

मुतला.